काखेत को-पायलट

भिंगरीच्या डोक्यातून निघालेला बेत फसला, असं त्या घराच्या इतिहासात एकदाही घडलं नव्हतं. निदान भिंगरीने लिहिलेल्या इतिहासात तरी नव्हतं. आधी जे काही बेत फसले होते ते इतरांच्या चुकीमुळे फसले होते, आणि इतरांच्या चुका आपल्या नावावर मांडून घ्यायच्या नसतात, हे तिने नववीत गेल्या दिवशीच ठरवून टाकलं होतं.

तर बेत असा. रविवारी सकाळी शाळांच्या फुटबॉल स्पर्धेची फायनल. गोलपोस्टमध्ये भिंगरी, मैदानाच्या कडेला आई. मॅच संपली की बाबाच्या गाडीतून थेट विमानतळ. तिथून आई विमानाने मोठ्या शहरात. दुपारी बाराला तिची ड्युटी सुरू व्हायची, त्याच्या आत ती तिथल्या आपल्या खोलीत, पलंगावर, फोनकडे बघत.

"यात बिघडण्यासारखं काय आहे ते सांगा," भिंगरी म्हणाली. जेवणाच्या टेबलावर तिने मीठदाणी, चमचा आणि बाबाचा चष्मा मांडला होता. मीठदाणी म्हणजे मैदान, चमचा म्हणजे विमान आणि चष्मा म्हणजे मोठं शहर.

"माझा चष्मा बिघडेल," बाबा म्हणाला. "विमान तेलकट आहे."

आई उठून खिडकीपाशी गेली. आई को-पायलट होती, आणि कोणी कितीही सुंदर बेत सांगितला तरी को-पायलट लोक आधी खिडकीतून आभाळ बघतात.

आता इथे आईच्या नोकरीतली गोम सांगायला हवी, नाहीतर पुढची मजा कळायची नाही. आईची विमानं सुटायची मोठ्या शहरातून, आणि घर होतं इथे. विमानाने तासाभरावर, रस्त्याने गेलं तर दिवस मोडून. त्यामुळे लोक बसने कामाला जातात तशी आई विमानाने कामाला जायची, तेही सीट उरली तर. महिन्यातले काही दिवस तिची राखीव ड्युटी असे. म्हणजे कोणा पायलटला ताप आला, कोणाचं पोट बिघडलं, तर त्याच्या जागी जायला तयार राहायचं. पूर्वी कंपनी आदल्या दिवशी फोन करायची. आई घरीच भाजी निवडत बसायची, फोन आला की संध्याकाळच्या विमानाने निघायची, आणि भाजी बाबा अर्धवट निवडायचा.

मग नियम बदलला. मेसेज आला तोच "आपल्या सोयीसाठी" अशा शब्दांनी सुरू होणारा, आणि असा मेसेज कोणाच्या सोयीचा असतो ते शेंबडं पोरही सांगेल. आता राखीव पायलटने फोन आल्यापासून दोन तासांत, युनिफॉर्ममध्ये, मोठ्या शहराच्या विमानतळावर उभं राहायचं. घरी बसून वाट बघायची सोय संपली. आईने आणखी पाच को-पायलट बायकांबरोबर विमानतळाजवळ एक खोली घेतली. तीन दुमजली पलंग, एक आरसा, एक बादली. सगळ्या जणी इस्त्रीचे युनिफॉर्म खुंटीला टांगायच्या आणि फोन छातीवर ठेवून आडव्या व्हायच्या. एकीचा फोन वाजला की सहाजणी उठून बसायच्या.

"अगदी दवाखान्याचा वॉर्ड," आई सांगायची. "फक्त आजारी दुसरंच कोणीतरी."

हे सगळं ती मुकाट्याने सोसत होती त्याचं कारण तिच्या खांद्यावर होतं. तिथे तीन सोनेरी पट्ट्या होत्या. चौथी लागली की को-पायलटची कॅप्टन होते. चौथ्या पट्टीची परीक्षा पुढच्या महिन्यावर आली होती, आणि त्याआधी एकदा जरी "बोलावलं तेव्हा हजर नाही" असा शेरा बसला, तर परीक्षा वर्षभर पुढे. आईने या पट्टीची बरीच वर्षं वाट पाहिली होती. इतकी की, लहान असताना भिंगरीने चित्रातल्या आईच्या खांद्यावर परस्परच चार पट्ट्या काढून टाकल्या होत्या.

राखीव असणं म्हणजे काय, हे भिंगरीला कोणी शिकवायला नको होतं. गेलं अख्खं वर्ष ती शाळेच्या संघाची राखीव गोलकीपर होती. बाकावर बसून बसून बाकाला तिच्या मापाचा खळगा पडला होता. मग पहिली गोलकीपर शाळा सोडून गेली आणि भिंगरी उठली. उठली ती अशी उठली की समोरच्या संघांना गोलपोस्ट आहे की भिंत आहे ते कळेना. वर्गात हजेरी देताना घसा खाकरणारी मुलगी आता गोलपोस्टमधून ओरडून अख्ख्या संघाला कामाला लावत होती. सरसुद्धा तिच्या आवाजाने दोन पावलं मागे सरायचे. फक्त हे सगळं आईने अजून एकदाही पाहिलं नव्हतं. दर मॅचला ती पलंगावर, फोन छातीवर.

म्हणून हा बेत होता. आणि बेतात काही कसर राहू नये म्हणून भिंगरीने दोन जादा कलमं घातली. एक, वेळ वाचवायला आईने युनिफॉर्म घालूनच मॅच बघायची. दोन, आईचा फोन मॅचभर बाबाच्या खिशात, आवाज बंद करून.

"बारापर्यंत तू कंपनीची नाहीस," भिंगरीने बजावलं. "माझी आहेस."

*

फायनल जी रंगली ती काय सांगावी! मैदानावर आदल्या रात्री कोणीतरी पाण्याचा नळ उघडा ठेवला होता, त्यामुळे अर्ध्या भागात फुटबॉल आणि अर्ध्या भागात भातलावणी चालली होती. भिंगरी गुडघ्यापासून कपाळापर्यंत मातीची झाली. आई कडेला उभी होती. पांढरा शुभ्र शर्ट, खांद्यावर पट्ट्या, हातावर तशाच पट्ट्यांचं काळं जॅकेट. तिला बघून भिंगरीला इतका चेव आला की एक गोलकिक तिने जिवाच्या आकांताने हाणली. चेंडू मैदान सोडून, सरांच्या डोक्यावरून, थेट आईच्या छातीवर जाऊन बसला.

खाली पडला तेव्हा आईच्या शर्टावर त्याचा छाप उमटला होता. पूर्ण चंद्र, शिवणीसकट.

आईने शांतपणे जॅकेट घातलं आणि गळ्यापर्यंत बटणं लावली. "खेळ तू," ती ओरडली. "जोर चांगला आहे."

शेवटी पेनल्टीवर गाडी आली. समोरच्या संघाच्या उंच मुलीने चेंडू ठेवला, भिंगरीकडे बघून हसली, आणि डावीकडे मारला. भिंगरी आधीच डावीकडे होती. चेंडू तिच्या हातमोज्यांत येऊन असा विसावला, जसा काही त्याला घरी जायचं होतं. मग काय, पोरींनी तिला उचलली, पाडली, परत उचलली.

इथपर्यंत बेत चमच्यासारखा सरळ चालला होता. पण स्पर्धेचे संयोजक एक घायकुते सर होते आणि त्यांच्या प्रमुख पाहुण्या अजून आल्या नव्हत्या. त्यांना कडेला सोनेरी पट्ट्यांची, जॅकेट घातलेली, ताठ उभी बाई दिसली.

"या, या मॅडम, तुमचीच वाट बघत होतो," म्हणत त्यांनी आईला स्टेजवर नेलं.

"अहो, मी आई आहे," आई म्हणाली.

"छान, छान. तेच बोला. मुलांना आवडतं."

हातात माइक आला आणि आईच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "नमस्कार. आपल्या सर्वांचं स्वागत आहे. बाहेरचं हवामान स्वच्छ आहे." टाळ्यांचा कडकडाट झाला. मग तिने वीस-पंचवीस पदकं वाटली आणि शेवटी कप भिंगरीच्या मातकट हातात दिला. देताना तिचे डोळे असे भरून आले होते की भिंगरीने गडबडून कप उलटाच धरला. खऱ्या प्रमुख पाहुण्या तोवर येऊन मागच्या रांगेत बसल्या होत्या. त्यांनीही टाळ्या वाजवल्या.

बाबाने गाडी अशी पळवली की सिग्नलला थांबली तरी ती धापा टाकत होती.

*

त्या गावचं विमानतळ म्हणजे एक हॉल, एक काउंटर, लोखंडी बाकं आणि एक मोठी काच. काचेपलीकडे विमान उभं असलं की गावचं विमानतळ, नसलं की गोदाम. आज विमान उभं होतं. भिंगरी कप काखेत मारून, बूट पचपचवत आत शिरली आणि मागे फरशीवर तळ्यातल्या बदकासारखी पावलं उमटत गेली.

काउंटरवरची ताई आईला ओळखत होती. "शेवटची एक सीट आहे हो मॅडम, ठेवलीय तुमच्यासाठी. पण विमान जरा थांबलंय. बसा."

आई बसली. बाबाने तिचा फोन परत दिला. आईने मेसेज उघडला आणि तिचा चेहरा खडूसारखा झाला.

"काय झालं?" भिंगरीने वाकून वाचलं. आपल्या सोयीसाठी आपली आजची राखीव ड्युटी बाराऐवजी दहापासून सुरू करण्यात येत आहे. हॉलमधल्या घड्याळात दहा वाजून गेले होते.

"म्हणजे मी आत्ता ड्युटीवर आहे," आई म्हणाली. "आणि दोन तासांत तिकडे पोचेन अशा ठिकाणी असायला हवी."

"मग आहेस की. विमान तासात पोचतं."

आईने यावर विचार केला. हिशोबात तरी चूक नव्हती. "विमान सुटलं तर," ती म्हणाली.

तेवढ्यात हॉलमधला कर्णा खरखरला. "प्रवाशांमध्ये कोणी डॉक्टर असल्यास कृपया प्रथमोपचार खोलीत यावे. दंतवैद्य असल्यास उत्तम."

बाबा उभा राहिला. बाबा दंतवैद्य होता. सिनेमात, लग्नात, प्रवासात डॉक्टरांना हाका मारल्या जातात त्या नेहमी हृदयवाल्यांना. दातवाल्याला आजवर कोणी असं चारचौघांत बोलावलं नव्हतं. या एका हाकेसाठी तो वर्षानुवर्षं इंजेक्शन, आरसा आणि पकड घातलेली पिशवी बाजारातसुद्धा सोबत नेत होता.

"आलो," तो म्हणाला, आणि असा धावला की चष्मा बाकावरच राहिला.

आणि मग आईचा फोन वाजला.

पलीकडे रोस्टरकाका होते. कोणत्या पायलटने कुठे जायचं ते सांगणारा हा माणूस घरात कोणी पाहिला नव्हता, पण आवाज सगळ्यांच्या ओळखीचा होता, कारण तो कायम बिस्किट खाता खाता बोलायचा. आईने फोन स्पीकरवर टाकला.

"मॅडम, लागली हो ड्युटी तुमची. एक विमान बाहेरगावी अडकलंय. को-पायलटची दाढ. वर गेल्यावर हवेच्या दाबाने असा ठणका लागला म्हणे की बिचारा कसाबसा उतरला. तर तुम्ही इथून दुपारच्या विमानात प्रवासी म्हणून बसायचं, तिकडे जायचं, आणि ते विमान चालवत परत आणायचं."

"कुठल्या गावी?" आईने विचारलं.

काकांनी गावाचं नाव सांगितलं.

आईने काचेबाहेर पाहिलं. विमान हाकेच्या अंतरावर उभं होतं. जिना लावलेला, दार उघडं, आणि दारात एक माणूस जांभई देत होता.

तेवढ्यात कर्णा पुन्हा खरखरला. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे..."

"अरे वा," रोस्टरकाका म्हणाले. बिस्किट चावायचं थांबलं. "विमानतळावरच आहात?"

"हो, पण..."

"कमाल आहे, मॅडम. बाकीच्यांना फोन केला की अंघोळीला जातात. तुम्ही आपल्या आधीच हजर. थांबा तिथेच, न्यायला माणूस पाठवतो."

"अहो ऐका तरी, मी..."

फोन बंद. आईने लगेच उलट फोन लावला. व्यस्त. पुन्हा लावला. व्यस्त. मग मेसेज आला. माणूस तुम्हाला शोधतोय, मॅडम. कुठल्या खांबापाशी आहात?

या हॉलला खांबच नव्हते.

"मी खोटं बोलले का गं?" आईने विचारलं.

"एक अक्षर नाही. तू 'हो, पण' म्हणालीस. 'पण' त्यांनी ऐकलं नाही." मग भिंगरी बोटांवर मोजायला लागली. "म्हणजे बघ. तू तिकडे नाहीस हे कळलं तर शेरा. तिकडे जायचं तर हे विमान सुटायला हवं. विमान अडलंय को-पायलटसाठी. आणि तो को-पायलट..." बोटं संपली. "आई, तुला आणायला त्यांनी तुलाच पाठवलंय."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. इथे कळसा स्वतः काखेत बसून वळशाच्या तिकिटाची वाट बघत होता.

"मग जाऊन सांग ना, मी इथे आहे म्हणून," भिंगरी म्हणाली.

"मी इथे आहे म्हटलं की मी तिथे नाही हे आलंच." आईने खांद्यावरच्या पट्ट्यांना नकळत हात लावला. "थांब. त्या मुलाची दाढ कदाचित बरी होईल. काही अडकलं असेल, निघालं की झालं. मग विमान सुटेल, तासात मी तिकडे, आणि काकांना समोर उभं राहून सगळं सांगेन."

हा मुद्दा पटण्यासारखा होता. दोघी प्रथमोपचार खोलीच्या दाराकडे टक लावून बसल्या. विमानाचे कॅप्टन त्याच दाराबाहेर येरझाऱ्या घालत होते. भरघोस मिशा, आणि मिशांचं एक टोक दातात धरलेलं. हॉलमध्ये दीडशे प्रवासी, आणि प्रत्येकाचं मोठ्या शहरात अगदी आत्ताच अडलेलं. एक आजोबा ताईला विचारत होते की विमानाला दाढेची काय गरज.

दार उघडलं. बाबा बाहेर आला. असा चेहरा भिंगरीने फक्त कप घेताना आपलाच पाहिला होता, फोटोत. त्याच्या हातात कापसाचा बोळा होता आणि बोळ्यावर एक दाढ.

"मुळासकट," बाबा सगळ्या हॉलला म्हणाला. "एका दमात. पोरगा आत हसतोय."

कॅप्टन थांबले. मिशी दातातून सुटली. "डॉक्टर, मी म्हटलं होतं, काही अडकलंय का ते बघा."

"दाढच अडकली होती. काढली."

"भूल दिलीत?"

"मग काय तशीच ओढू? मी दंतवैद्य आहे, लोहार नाही."

"अहो, भूल दिलेल्या पायलटला उडता येत नाही," कॅप्टन म्हणाले. अगदी हळू म्हणाले, पण हॉलमध्ये ते सगळ्यांना ऐकू गेलं. "दोन दिवस तरी नाही."

बाबाने दाढेकडे पाहिलं. मग आईकडे पाहिलं. चष्मा नसल्यामुळे त्याला ती नीट दिसली नाही, पण अंदाज आला. तो हळूच म्हणाला, "परत नाही बसवता येणार."

प्रवाशांनी एकच गिल्ला केला. ताईने काउंटरवरून जाहीर केलं की दुसरा को-पायलट मोठ्या शहरातून दुपारच्या विमानाने येतोय, तोपर्यंत सहकार्य करा. सहकार्य हा शब्द ऐकताच आजोबांनी काठी आपटली.

भिंगरीने आईकडे पाहिलं. आई लोखंडी बाकाच्या टोकाला बसली होती. जॅकेटची बटणं गळ्यापर्यंत, फोन मांडीवर, नजर विमानावर. सगळं येतं, सगळी तयारी आहे, आणि कोणी बोलवत नाही. असं बसणं भिंगरीला पाठ होतं. वर्षभर तिने दुसरं काही केलंच नव्हतं.

ती उठली. कप बाकावर ठेवला, हातमोजे वर ओढले, आणि गोलपोस्टमधून ओरडतात तशी ओरडली, "कॅप्टनकाका!"

हॉल गप्प झाला. काठीसुद्धा.

"दुपारची वाट कशाला बघता? तुमची को-पायलट या बाकावर बसलीय. तिला बोलवा."

आईने डोळे मिटले. मग उघडले, उभी राहिली, आणि शाळेत हजेरी देतात तसं म्हणाली, "हजर."

आणि मग तिने कॅप्टनना सगळं सांगितलं. सकाळची मॅच, बाबाच्या खिशातला फोन, दहाचा मेसेज, "हो, पण". काही लपवलं नाही. कॅप्टननी तिचं लायसन्स पाहिलं, झोप नीट झाली का विचारलं, आणि रोस्टरला फोन लावला. त्यांचा लागला. कॅप्टनचे फोन लागतात.

"कॅप्टन, काळजीच करू नका," रोस्टरकाकांचा आवाज आला. "तुमच्या को-पायलट मॅडम इथे विमानतळावर केव्हाच्या हजर आहेत. फक्त सापडत नाहीयेत."

"सापडणार नाहीत. माझ्यासमोर उभ्या आहेत."

पलीकडे बिस्किट पडल्याचा आवाज आला. "अर्ध्या तासापूर्वी तर मी बोललो त्यांच्याशी. इतक्यात तिकडे?"

आईने फोन घेतला. "काका, मी मघाशीही इकडेच होते. मुलीची मॅच बघायला आले होते. दहाचा मेसेज मी उशिरा पाहिला. काय शेरा लिहायचा तो लिहा."

पलीकडे कॉम्प्युटरवर बोटांची टकटक झाली. मग काका म्हणाले, "मॅडम, दोन तासांत तुम्ही इथे पोचला नसता."

"विमानाने तासात पोचले असते. पण विमानाला को-पायलट नव्हता."

"म्हणजे तुम्ही नव्हतात."

"म्हणजे मी नव्हते."

काकांनी सुस्कारा सोडला. "माझ्या कॉम्प्युटरवर दोनच बटणं आहेत हो. एक 'वेळेत हजर', एक 'हजर नाही'. 'बोलवायच्या आधीच विमानाशेजारी हजर', असं बटणच नाही. काय करू?"

कॅप्टन फोनकडे वाकले. "दीडशे माणसं तिच्याकडे बघताहेत. हजर नाही कसं म्हणता?"

"आणि दहाचा मेसेज तुम्ही कितीला पाठवला होता?" भिंगरीने मधेच विचारलं.

"हे कोण?"

"गोलकीपर," आई म्हणाली.

"पाठवला होता आम्हीही जरा उशिराच," काका पुटपुटले. "त्याचं तर बटण मुळीच नाही." मग टक् असा एक आवाज आला. "वेळेत हजर. जा, मॅडम. आणा ते विमान."

हॉलमध्ये जो जल्लोष झाला तो मैदानावरही झाला नव्हता. आजोबांनी काठी वर केली. ताईने सहकार्याबद्दल सर्वांचे आभार मानले. कॅप्टन आईला म्हणाले, "जॅकेट काढा आता. आत गरम होतं."

आईने बटणं उघडली. पूर्ण चंद्र उगवला.

कॅप्टननी मिशीवरून हात फिरवला. "हे काय?"

"गोलकिक," भिंगरी म्हणाली.

"जिंकलात का?"

भिंगरीने कप वर धरला. कॅप्टननी तिला कडक सलाम ठोकला आणि दोघं पायलट चालू लागले. त्यांच्या मागे दीडशे प्रवासी, आणि सगळ्यात शेवटी, गालावर कापूस दाबून, आईसाठी राखून ठेवलेल्या त्या शेवटच्या सीटवर बसायला, दाढ गेलेला को-पायलट.

"थंडच खा," बाबा मागून सांगत होता. "आणि उजव्या बाजूने चावा. तुमची उजवी. माझी डावी."

विमान वर गेलं तेव्हा बाप-लेक काचेला नाक लावून उभे होते. आईने कधी विमान डुलवलं नव्हतं आणि आजही डुलवलं नाही, पण भिंगरीने शाळेत पुढे कित्येक दिवस सांगितलं की डुलवलं.

*

चौथी पट्टी पुढच्या महिन्यात आली. परीक्षेत मोठ्या साहेबांनी विचारलं की राखीव ड्युटीत तुम्ही सर्वांत लवकर हजर झालात, ते कसं जमवलंत, आणि आईने तिथेही जसंच्या तसं सांगून टाकलं, दाढेसकट. साहेब आधी हसले, मग कोणाला तरी फोन लावून बसले. थोड्या दिवसांनी मेसेज आला. आपल्या सोयीसाठी काही राखीव पायलटांनी, जिथे आपली विमानं जातात अशा आपापल्या गावीच थांबावे, असा प्रयोग करण्यात येत आहे. घरातल्या तिघांनी तो तीन-तीनदा वाचला. पहिल्यांदाच तो खरोखर कोणाच्या तरी सोयीचा होता. आईने सहाजणींच्या खोलीचा निरोप घेतला आणि येताना आठवण म्हणून बादली घेऊन आली.

आता आई राखीव ड्युटीला घरी असायची आणि भिंगरीच्या प्रत्येक मॅचला मैदानावर. फोन हातात, आवाज पूर्ण वर. रेंज मैदानात एकाच जागी यायची, नेमकी गोलपोस्टच्या मागे. त्यामुळे भिंगरीला अख्खी मॅच पाठीमागून ऐकू यायचं, "उजवीकडून येतेय. उंची कमी आहे. सावकाश, सावकाश, आता झेप." हिने झेप घेतली की आई टाळ्या वाजवायची; नाही घेतली की सुस्कारा सोडायची. भिंगरीने तक्रार केली नाही. स्वतःच्याच बेताने ओढवून घेतलेलं सुख होतं ते.

नव्या हंगामाची पहिली मॅच. शेवटच्या मिनिटाला समोरच्या संघाला पेनल्टी मिळाली. भिंगरीने हातमोजे घट्ट केले, पाय रोवले, डोळे चेंडूवर लावले. समोरची मुलगी धावत आली, आणि नेमका त्याच क्षणी मागे आईचा फोन खणखणला.

भिंगरी गर्रकन वळली. "ड्युटी लागली?"

चेंडू तिच्या कानाजवळून जाळ्यात गेला.

आईने फोन कानाला लावला, ऐकला आणि खाली घेतला. "बाबा होता," ती म्हणाली. "चष्मा सापडत नाहीये."

सरांनी भिंगरीला बाजूला घेतलं. ते ओरडले नाहीत, उलट मायेनेच बोलले, आणि तेच वाईट होतं. "पुढच्या मॅचला तू बाकावर बस. राखीव. पण तयारीत राहा हं. बोलावलं की दोन मिनिटांत मैदानात दिसली पाहिजेस."

भिंगरीने डबडबल्या डोळ्यांनी आईकडे पाहिलं. चार पट्ट्यांच्या कॅप्टन आईने तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि सुस्कारा सोडला.

"दोन मिनिटं?" ती म्हणाली. "आणि बाक मैदानाला लागूनच? चैन आहे बाई तुझी."